जाळी दिसली नाहीत

म्वानाइशा आमच्या कोलकात्यातल्या दमदमच्या घरी पहिल्यांदा आली ती जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी, हातात लवंगांची मोठी पुडी घेऊन. "सर मासे खात नाहीत, म्हणून वडिलांनी ह्या दिल्यात," ती इंग्रजीत म्हणाली. तिचे वडील बकारी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका खाडीत मासेमारी करतात. मासे सोडून दुसरी काही भेट त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नसेल. आमच्या ह्यांच्यासाठी मात्र त्यांनी लवंगा विकत आणल्या होत्या. पाच वर्षांपूर्वी महिनाभर त्यांच्या घरी राहून गेलेला माणूस काय खातो नि काय नाही, हे त्यांच्या लक्षात होतं.

ह्यांना इतका आनंद झाला की पायजम्यावरच बाहेर आले. बकारी कसे आहेत, होडी रंगवली का, आई अजून तो राजमा करते का, प्रश्नांवर प्रश्न. मी पोह्यांची तयारी करायला आत गेले. पोरगी गावातल्या शाळेत शिकवत होती आणि कोळ्यांच्या सोसायटीची सचिवही होती. सहकारी संस्थांच्या कुठल्याशा प्रशिक्षणासाठी सहा आठवडे सॉल्ट लेकला आली होती.

"ह्या वर्गासाठी अर्ज केला तो कोलकात्याचं नाव वाचून," ती म्हणाली. "मला सरांना भेटायचं होतं."

ते ऐकून हे आणखी खूश झाले. मी मात्र कांदा चिरता चिरता थांबले. एवढ्या लांबून कुणी नुसतं भेटायला येत नाही, हे बँकेत तीस वर्षं काउंटरमागे बसलेल्या बाईला कळतं.

आमचे हे, म्हणजे श्यामसुंदर, हुगळीची खोली मोजत म्हातारे झाले. ही नदी रोज गाळ आणून टाकते, त्यामुळे काल जहाज गेलं तिथून आज जाईल याची खात्री नसते. ती खात्री करून देण्यात ह्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर एका खाजगी कंपनीनं ह्यांना बोलावून घेतलं. कोविडच्या आदल्या वर्षी त्या कंपनीला एका परदेशी बंदराचं काम मिळालं आणि हे साठी उलटल्यावर आफ्रिकेला गेले.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण ह्यांच्या करारात गुप्ततेचं कलम होतं. ज्या मोठ्या देशाच्या कंपनीसाठी ते काम होतं त्याचंही नाव लिहीत नाही. वाचणारा आपापल्या नावडत्या देशाचं नाव तिथे घालेल, खुशाल घालू दे. हे मोठे देश एकमेकांकडे बोटं दाखवतात, पण गरिबाच्या किनाऱ्यावर उतरताना सगळ्यांची भाषणं सारखीच असतात. आधी मैत्री येते, मग विकास येतो, मग कर्ज येतं, आणि ते फिटत नाही म्हटल्यावर कुंपण येतं.

तेव्हा गावाला सांगितलं होतं की मच्छीमार बंदर होणार. बर्फाचा कारखाना, शीतगृह, आणि व्यापाराच्या जहाजांसाठी एक धक्का. त्यासाठी खाडीची खोली मोजायची होती. खाडी तर जाळ्यांनी भरलेली. खोली मोजणारी होडी एका सरळ रेषेत जाते, वळते, पंचवीस मीटरवरून पुन्हा दुसऱ्या रेषेत येते. मध्ये जाळी असली की ती पंख्यात अडकतात. म्हणून ह्यांनी बकारींना विनंती केली, पाच दिवस जाळी काढाल का? ऐन हंगाम होता. बकारी घरोघर फिरले आणि दोन दिवसांत अख्ख्या गावानं जाळी किनाऱ्यावर आणून टाकली. पाच दिवस कुणी मासा धरला नाही. कुणी भरपाई मागितली नाही. उलट बकारींच्या बायकोनं ह्यांच्यासाठी एक वेगळं पातेलं ठेवलं होतं, मासा न लागलेलं, आणि त्यात रोज राजमा शिजायचा. हे सगळं मला पाठ आहे, कारण परत आल्यावर हे वर्षभर तेच सांगत होते.

पोहे खाऊन झाल्यावर म्वानाइशानं पुढचं सांगितलं. धक्का तीन वर्षांत झाला. पहिलं जहाज सिमेंट घेऊन आलं तेव्हा शाळेतल्या मुलांना झेंडे देऊन उभं केलं होतं. झेंडे तिनंच वाटले. दुसऱ्या वर्षी करड्या रंगाची जहाजं आली, तोफा असलेली. ती आधी दोन दिवस राहायची, मग दोन महिने राहायला लागली, आणि मग गेलीच नाहीत. खाडीच्या तोंडाशी पिवळे बोये, हद्द दाखवणारी मोठी पिंपं, तरंगायला लागले आणि त्यांच्या आत होडी नेणं गुन्हा ठरला. बर्फाचा कारखाना झालाच नाही.

"आता आमच्या बाजारात मासे खोक्यातून येतात," ती म्हणाली. "गोठवलेले. खोक्यावर त्यांच्या देशाचं नाव असतं. आमच्याच समुद्रातले असतील. आम्ही ते विकत घेतो."

ती चिडून बोलत नव्हती. मला वाटत होतं की तिनं चिडावं, म्हणजे आम्हाला सोपं गेलं असतं.

गावानं कोर्टात दावा लावला होता. तीनशे घरांचं पोट त्या खाडीवर होतं, तेव्हा आत जाऊ द्या, नाहीतर दुसरी सोय करून द्या. कंपनीच्या वकिलानं उत्तरात एक कागद जोडला होता. तिनं त्याची प्रत पिशवीतून काढून ह्यांच्यापुढे ठेवली. ह्यांच्याच अहवालाचं एक पान होतं. खालच्या रकान्यात लिहिलं होतं: मासेमारीची साधनं आढळली नाहीत. खाली ह्यांची सही. तज्ज्ञ, तिसऱ्याच देशाचा, तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस म्हणतो की खाडी रिकामी होती. मग ह्या लोकांचा हक्क कसला?

"सर, तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की जाळी तुमच्या सांगण्यावरून काढली होती," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये सुनावणी आहे. आमच्याकडे दुसरा पुरावा नाही. गावातल्या माणसांनी सांगितलेलं कोर्ट मानत नाही."

ह्यांनी चष्मा लावला, पान वाचलं, पुन्हा वाचलं. मग जे बोलले ते ऐकून मला वाटलं, उठावं आणि ह्यांना गदागदा हलवावं.

"पण ह्यात चूक नाही," हे म्हणाले. "मोजणीच्या दिवशी जाळी नव्हती. मी पाहिलं तेच लिहिलं."

"हो सर," ती म्हणाली. "वडीलही तेच म्हणतात. सर खोटं लिहिणार नाहीत."

ती गेली आणि घरात भांडण झालं. हे म्हणत, मोजणीच्या शीटवर दिसलं तेवढंच लिहायचं, का दिसलं नाही याची कहाणी लिहायची नसते. मी म्हटलं, कहाणी तुम्ही मला वर्षभर ऐकवलीत, कोर्टाला एकदा ऐकवायला काय झालं? हे म्हणाले, करार आहे. मी म्हटलं, करार खोलीच्या आकड्यांचा आहे, राजम्याचा नाही. त्यावर हे उठून बाल्कनीत जाऊन बसले.

अजेयला, आमच्या मुलाला, मीच फोन केला होता. आता वाटतं, करायला नको होता. तो न्यू टाउनला एका आयटी कंपनीत आहे आणि त्याच्या टीमचं सगळं काम त्याच मोठ्या देशाच्या एका जहाज कंपनीसाठी चालतं. संध्याकाळी तो लगेच आला.

"बाबा, तुम्ही कशाला ह्यात पडता?" दारातूनच त्यानं सुरू केलं. "उद्या क्लायंटला समजलं की हा माझा बाप आहे, तर? मी काय गलत बोलतोय का, आई?"

"गलत नाही, चूक म्हणावं," मी म्हटलं. "आणि हो, चूकच बोलतोयस."

"तिकडे कोर्ट-बिर्ट सगळं त्यांच्याच हातात असणार. तुमच्या कागदानं काय होणार आहे? फालतूमध्ये माझी नोकरी जाईल."

मुलगा आणि बाप एकमेकांकडे न बघता चहा प्यायले. मला दोघांचाही राग आला होता आणि दोघांचीही काळजी वाटत होती. अजेयच्या फ्लॅटचे हप्ते, सूनबाईचे दिवस भरत आलेले, हे मला दिसत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी हे बाजारात गेल्यावर मी कपाट उघडलं. ह्यांच्या कामाच्या वह्या सगळ्या जपून ठेवलेल्या असतात, तारखेनिशी. आफ्रिकेची वही सापडली. ह्यांची सवय अशी की आकडे इंग्रजीत आणि मनातलं मराठीत, पेन्सिलनं, समासात. सात तारखेच्या पानावर ते होतंच: "आजपासून अकरापर्यंत जाळी आमच्या विनंतीवरून उचलली. बकारी व सर्व मंडळींचे उपकार."

वाचलं आणि पुन्हा वाचलं. कारण हे वाक्य मी आधी वाचलं होतं.

ह्यांचा अहवाल मी टाइप केला होता. ह्यांचं टायपिंग म्हणजे एका बोटानं अक्षरं शोधणं, म्हणून परत आल्यावर ही वही शेजारी ठेवून मीच कंपनीच्या ठरलेल्या नमुन्यात सगळं भरत होते. मासेमारीच्या साधनांपुढे एक चौकोन होता आणि त्यात दोनच पर्याय निवडता येत होते. आढळली, आढळली नाहीत. तिसरं काही लिहायला गेलं की चौकोन लाल व्हायचा. मी इथूनच ओरडून विचारलं होतं, "अहो, जाळ्यांचं काय करू? हे तुमचं वाक्य बसत नाहीये." हे दाढी करत होते. म्हणाले, "दिसली नाहीत म्हण. वहीत आहेच सगळं." मी पर्याय निवडला, चौकोन हिरवा झाला, आणि मला बरं वाटलं. रकान्यात बसेल तेवढंच भरायचं, बाकीचं सोडून द्यायचं, हे बँकेनं माझ्या हाडीमाशी मुरवलं होतं. एका सेकंदाचं काम होतं ते. तीनशे घरं त्या चौकोनातून बाहेर पडली आणि मी उठून कुकर लावला.

हे बाजारातून आले तेव्हा वही टेबलावर उघडी होती. मी म्हटलं, "मी गाळलं होतं. तुम्ही लिहिलं होतंत. मीच गाळलं."

ह्यांनी पिशवी खाली ठेवली. पान बघितलं. "तू विचारलं होतंस मला," हे म्हणाले. "मी हो म्हटलं." मग हे वहीवरून हात फिरवत बसले. "पाच दिवस, मंजुषा. पाच दिवस ती माणसं किनाऱ्यावर बसून होती आणि आमच्या होडीला हात करत होती."

ह्यांना रडताना मी त्याआधी एकदाच बघितलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा.

बुधवारी आम्ही बारासातच्या कोर्टाबाहेर नोटरीकडे गेलो. प्रतिज्ञापत्र मी टाइप केलं होतं, आणि ह्या वेळी एकही चौकोन नव्हता. जाळी कुणी मागितली म्हणून काढली, किती दिवस, कोणत्या महिन्यात, वहीतल्या पानाची प्रत, तिचं भाषांतर, आणि अहवालात ते वाक्य कसं गळलं तेही, माझ्या नावासकट. नोटरीबाबूंनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "जमीन का मामला है, दादा?" ह्यांनी सांगितलं, "नहीं, पानी का." त्यांनी मान हलवून शिक्का मारला.

म्वानाइशा कागद घ्यायला आली तेव्हा तिनं ह्यांच्या पायांना हात लावला. कुणी शिकवलं होतं तिला कोण जाणे. मला इतकी लाज वाटली की मी आत निघून गेले.

त्यानंतरचे महिने आम्ही भीतीत काढले. कंपनीची नोटीस येईल, अजेयला काढून टाकतील, कुणी तरी दारात येईल. काही झालं नाही. अजेयला तर त्या वर्षी बढती मिळाली. त्याच्या क्लायंटला त्याचा बाप कोण हे माहीतही नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरजही नव्हती. आम्ही एवढे घाबरलो, रात्र रात्र झोपलो नाही, आणि समोरच्याच्या खिजगणतीतही नव्हतो. आमची भीतीसुद्धा फुकट गेली.

आणि कोर्टानं प्रतिज्ञापत्र मानलं! एप्रिलऐवजी ऑगस्टमध्ये, पण मानलं. जुन्या अहवालातल्या त्या शेऱ्यावर विसंबता येणार नाही, असा निकाल आला. म्वानाइशाचा फोन आला तेव्हा मागे अख्खं गाव गात होतं. ह्यांनी फोन कानाला लावून सगळं गाणं ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी हे स्वतः जाऊन नकुलदाने, म्हणजे साखरेचे गोल दाणे, आणि संदेश घेऊन आले आणि बिल्डिंगभर वाटले. लोकांना वाटलं, नात झाल्याचे पेढे पुन्हा वाटताहेत.

निकालाचं दुसरं वाक्य आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं. खाडीचं नव्यानं सर्वेक्षण करावं, आणि तिथे मासेमारी चालते की नाही, ते त्यावरून ठरवावं.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. दोन वर्षं खाडीत होडी नेणं गुन्हा आहे. बंदुका घेतलेली माणसं पहारा देताहेत. आणि आता मोजून बघायचं की तिथे जाळी आहेत का. म्हणजे ह्या वेळी कुणाला विनंतीसुद्धा करावी लागणार नव्हती.

काम भारतातल्याच एका कंपनीला गेलं. आपली माणसं स्वस्त पडतात, इंग्रजी लिहितात, आणि तिसऱ्या देशाची म्हणून निःपक्षपाती ठरतात. मोजायला गेला तो सुरेश. हावड्याला राहतो, आमच्या महाराष्ट्र मंडळातला, ह्यांच्या हाताखाली अकरा वर्षं शिकलेला. ह्यांना सर म्हणतो, मला काकू म्हणतो. त्याचं नाव कळल्यावर आम्हाला वाटलं, देव अजून कुठे तरी आहे.

तिथून त्यानं फोन केला, डिसेंबरात. ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"सर, खाडीत एक जाळं नाही. पण का नाही ते मला दिसतंय. पहाऱ्याची बोट माझ्या शेजारून फिरतेय. किनाऱ्यावर होड्या उलट्या टाकून ठेवल्यात. त्यांतल्या एका होडीपाशी एक म्हातारा रोज येऊन बसतो, तुमचं नाव घेतो. काय करू, सर?"

"लिही," हे म्हणाले. "जे दिसतंय ते सगळं लिही. पहारा लिही, बोये लिही, होड्या मोज आणि आकडा टाक."

"नमुन्यात जागा नाही सर. दोनच पर्याय आहेत."

"मग समासात लिही. वेगळा कागद जोड. सुरेश, ऐकतोयस ना? मी केलं ते करू नकोस."

"हो सर," सुरेश म्हणाला. "काकूंना नमस्कार सांगा."

फेब्रुवारीत म्वानाइशानं व्हॉट्सॲपवर एका पानाचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. ह्यांच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, म्हणून मी वाचून दाखवलं. मासेमारीची साधनं आढळली नाहीत. खाली सुरेशची सही. जोडपत्रं: शून्य. दावा फेटाळला गेला होता. पिवळे बोये आता कायदेशीर झाले होते.

हे भिंतीकडे तोंड करून झोपले आणि जेवायलाही उठले नाहीत.

मी सुरेशला फोन लावला. तोंडात सगळे शब्द तयार होते. गुरुद्रोही म्हणणार होते, विकला गेलेला म्हणणार होते, पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकू नकोस म्हणणार होते. त्यानं पहिल्याच रिंगला फोन उचलला, जसा काही वाट बघत बसला होता.

"काकू, मी जोडला होता कागद," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "चार पानं. त्यांनी परत पाठवला. मी पुन्हा जोडला. मग दोन माणसं खोलीवर आली. माझा पासपोर्ट त्यांच्याकडे होता, काकू. म्हणाली, अहवाल पूर्ण झाला की पासपोर्ट देऊ. नऊ दिवस ठेवलं. मला घरी यायचं होतं."

तयार ठेवलेल्या शब्दांतला एकही मला उच्चारता आला नाही. त्याचा पासपोर्ट तरी काढून घेतला होता. मी तो चौकोन हिरवा केला तेव्हा माझ्या घरात, माझ्या टेबलाशी, चहाचा कप शेजारी ठेवून बसले होते, आणि मला कुणी काही सांगायलासुद्धा आलं नव्हतं.